किराणा दुकानातला ‘फरक’ : ग्राहकाला नफ्यात वाटा देऊ पाहणाऱ्या एका दुकानाची गोष्ट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे किराणा-भुसार दुकान. मी त्यांचा कर सल्लागार. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत; त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

दुकान अण्णांनी १९८७ मध्ये सुरू केलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि हिशेब सूनबाई पाहतात. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच. चार कामगार, त्यांत सगळ्यात जुने मामा. एक टेम्पो, बँकेचं कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायच्या कर्जाचं) खातं आणि उधारीच्या तीन जाड वह्या.

२०२१-२२ ची विक्री २ कोटी ४० लाख, मालावरचा नफा साडेएकोणीस लाख. पगार, वीज, टेम्पो, व्याज असे सगळे मिळून ११ लाख वजा जाता घरात साडेआठ लाख राहिले. गावाच्या मानाने बरं चाललेलं दुकान. पण सगळा नफा सारखा नसतो, आणि पुढचं प्रकरण समजायला ही एक गोष्ट पुरे. या दुकानात साखरेवर शंभरामागे दोन रुपये सुटायचे, तेलावर तीन. डाळी-तांदळावर सात-आठ. खरी कमाई मिरची, धणे, खोबरं, सुकामेवा यांवर, पंधराच्या वर. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाची चटणी होते. त्या दोन महिन्यांत ज्या घरातली बाई तुमच्या दुकानात पाय ठेवते, ते घर वर्षभर तुमचं.

अडचण

मार्च २०२२ मध्ये बायपासला एका मोठ्या साखळीचं सुपरमार्केट आलं. कोरोनाच्या टाळेबंदीत याच दुकानाने घरोघरी पिशव्या पोचवल्या होत्या, त्यामुळे अण्णांना वाटलं, लोक विसरणार नाहीत. लोक विसरलेही नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे आणि महिन्याचा बाजार बायपासवरून आणायचे.

एप्रिल ते सप्टेंबर २०२२ ची विक्री ९२ लाखांवर आली. आधीच्या वर्षी त्याच सहा महिन्यांत ती १ कोटी १८ लाख होती. घटीपेक्षा घटीची जात वाईट होती. रोखीने महिन्याची यादी घेऊन येणारे गेले. उरले ते उधारीवाले आणि ‘अर्धा किलो रवा द्या’वाले. चटणीच्या हंगामातही पाकीटबंद मसाल्याकडे वळलेली घरं वहिनींनी बोटं मोडून मोजली होती.

पुढ्यातले पर्याय

पहिला पर्याय भाव पाडण्याचा. बायपासशी बरोबरी करायची तर वीस वस्तू तीन टक्क्यांनी खाली आणाव्या लागणार होत्या. त्यांची वर्षाची विक्री ९० लाखांच्या आसपास. म्हणजे २ लाख ७० हजार गेलेच. शिवाय समोरचा थेट कंपनीकडून गाड्या उतरवतो. तो आणखी एक रुपया खाली आला की आपण संपलो.

दुसरा, मुलाचा : ॲप आणि पॉइंट. शंभराला एक पॉइंट, पाचशे पॉइंट झाले की वस्तू. वहिनींचा आक्षेप साधा होता : आपल्या दुकानात येणाऱ्या मावशींना पॉइंट म्हणजे काय ते सांगत बसायला गल्ल्यावर वेळ कुणाला आहे?

तिसरा, बाजारपेठेतल्या मित्रांचा : हजाराच्या खरेदीवर कूपन, दिवाळीला सोडत, पहिलं बक्षीस स्कूटर. स्वस्त आणि गाजणारा. याला मीच आडवा आलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे, तीत विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणंही येतं. गावोगावी सोडती निघतात, कुणी विचारत नाही, हे खरं. पण ‘कुणी विचारत नाही’ हा सल्ला मी लिहून देऊ शकत नाही.

चौथा, सोनारांसारखा : महिन्याला पाचशे भरा, अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा, दिवाळीला माल. अण्णांना हे फार आवडलं, कारण बिनव्याजी पैसा हातात येतो. मला तेवढंच आवडलं नाही. मालासाठी घेतलेली उचल वेगळी आणि लोकांचे पैसे वर्षभर ठेवून त्यावर ठरलेला परतावा देणं वेगळं. दुसऱ्या वाटेने गेलं की २०१९ च्या अनियंत्रित ठेवींवरील बंदीच्या कायद्याजवळ जाऊन पोचतो. किराण्याच्या दुकानाने तिकडे फिरकू नये.

पाचवा पर्याय बैठकीत आलाच नाही. चहा देता देता मामा बोलून गेले : “दूध घालणाऱ्याला दिवाळीला फरक मिळतो. आपल्याकडं वर्षभर सामान भरणाऱ्याला काय मिळतं? कॅलेंडर.”

कोल्हापूरच्या वाचकाला फरक सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. गोकुळसारख्या दूध संघाकडे वर्षभर दूध जातं, दर दहा दिवसांनी त्याचं बिल मिळतं आणि वर्षाचा हिशेब झाल्यावर जे उरतं त्यातून दिवाळीच्या तोंडावर प्रत्येकाला घातलेल्या दुधाच्या प्रमाणात वरची रक्कम मिळते. तोच दरफरक. या भागातल्या कितीतरी घरांची दिवाळी त्यावर होते. मामांनी तो उलटा केला : दूध घालणाऱ्याऐवजी माल नेणारा.

कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २१ डिसेंबर १८४४ ला २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, एक लहानसं दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. भाव बाजाराचा, आणि नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. १८६० पर्यंत त्यांचे सभासद साडेतीन हजारांच्या घरात गेले होते. हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “ते उधार देत होते का?” नव्हते देत, रॉचडेलचा व्यवहार रोखीचा होता. अण्णांचा प्रश्न किती नेमका होता ते आम्हाला वर्षभराने कळलं.

पहिलं वर्ष : दोन टक्क्यांची पाटी

२०२२ ची दिवाळी आठवत असेल. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं. पाडव्याला नव्या वहीची पूजा झाली आणि दुकानावर पाटी लागली : ‘वर्षभराच्या खरेदीवर दिवाळीला २ टक्के फरक.’ नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं, प्रत्येक बिलावर कार्डाचा नंबर. पाडवा ते दसरा एवढी खरेदी धरायची.

पहिली चूक पाटीवरच होती. फरक म्हणजे उरल्यातला वाटा. किती उरणार ते कुणालाच माहीत नसताना आकडा जाहीर झाला. नाव फरकाचं, पण दिली ती सूट. मी तेव्हा हे बोललो नव्हतो. दोन टक्के ऐकायला छोटे वाटले, आणि पाटीवर आकडा नसेल तर कोण विश्वास ठेवील, हे मुलाचं म्हणणं मलाही पटलं होतं.

दसऱ्याला हिशेब मांडला. ४१२ कार्डं, त्यांवरची खरेदी ९६ लाख. फरक १ लाख ९२ हजार. वाटपाआधी दुकानाचा नफा होता ६ लाख ३० हजार. उरले ४ लाख ३८ हजार.

वहिनींनी रात्रभर बसून ती ९६ लाखांची खरेदी फोडली. त्यातले ३१ लाख फक्त सहा कार्डांवर होते : दोन खानावळी, दोन मिठाईवाले, लग्नाची कामं घेणारे दोन आचारी. यांची खरेदी जवळजवळ सगळी साखर आणि तेलाच्या डब्यांची, दुकानाला सुटणारा नफा सरासरी अडीच टक्के. म्हणजे त्या ३१ लाखांवर मिळाले साडेसत्त्याहत्तर हजार आणि त्यांनाच परत गेले बासष्ट हजार. साडेपंधरा हजारांत टेम्पोचं डिझेलसुद्धा भागलं नव्हतं. ज्या घरांसाठी योजना काढली त्या ४०६ घरांना सरासरी ३२० रुपये मिळाले.

उधारीचा भडका

त्याहून मोठा फटका वाटपाच्या दिवशी बसला. उधारी तेव्हा ५ लाख ३० हजारांवर होती. अण्णांनी सरळ व्यापारी हिशेब केला : ज्याच्याकडे येणं आहे त्याचा फरक उधारीत वळता.

कार्डं बहुतेक बायकांच्या नावावर होती. उधारी बहुतेक पुरुषांची. एक मावशी भरल्या दुकानात म्हणाल्या, “मी रोखीनं सामान नेलंय. मालकांनी तंबाखू-बिडी उधार नेली असंल, त्यांच्याकडून घ्या. माझा फरक माझ्या हातात द्या.” अण्णांना उत्तर सुचलं नाही. खरं तर लोकांना हा प्रकार ओळखीचा होता. दूध बिलातून पेंडीची उचल, सोसायटीचा हप्ता कापून हातात चिठ्ठी येण्याची सवय सगळ्यांना आहे, आणि तिचा रागही. फरक हा शब्द उचलताना आम्ही त्याच्यातला आनंद उचलला. त्याला चिकटलेला संताप आम्ही हिशेबात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरोघर जाऊन पैसे देऊन आल्या. किती घरी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निर्णयाचे टप्पे

भाऊबीज झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. बंद करायचं की दुरुस्त करायचं? मुलगा बंद करण्याच्या बाजूने होता. वहिनींनी एकच गोष्ट दाखवली : एप्रिल-मे २०२३ मध्ये मिरची आणि खोबरं नेणाऱ्यांत कार्डवाली घरं आदल्या वर्षापेक्षा जास्त होती. तेवढ्यावर एक वर्ष आणखी चालवायचं ठरलं.

सहा मोठी गिऱ्हाइकं योजनेतून बाहेर काढली. त्यांना बिलावरच अर्धा टक्का सूट. बिलात दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न तिथेच मिटतो. विक्रीनंतर दिलेली सूट वजा करायची तर, तेव्हाच्या नियमांप्रमाणे, ती आधी ठरलेली हवी, प्रत्येक बिलाशी जुळवता यायला हवी आणि घेणाऱ्याने त्या खरेदीवरच्या कराची घेतलेली वजावट (क्रेडिट) तेवढ्यापुरती उलटवायला हवी. घरगुती गिऱ्हाइकांच्या फरकावर आम्ही कर कमी करायच्या भानगडीत पडलोच नाही. कर पुऱ्या किमतीवर भरला आणि फरक खर्चात टाकला. सहांपैकी दोघे नाराज होऊन गेले. जाऊ दिले.

मग सूत्र. फरक आता खरंच उरल्यातला. पहिले सहा लाख घरचे. त्याच्या वर जे उरेल त्याचा अर्धा ग्राहकांना, दहावा भाग कामगारांना, बाकी दुकानाकडे. वाटताना साखर-तेलाच्या रुपयाला चार आणे वजन, बाकी मालाच्या रुपयाला पुरा रुपया. “नफ्यात वाटा दिला म्हणजे हे सगळे भागीदार झाले का?” हा मुलाचा प्रश्न रास्त होता. १९३२ च्या भागीदारी कायद्यातच खुलासा आहे : नफ्याचा हिस्सा मिळतो एवढ्यावरून कुणी भागीदार ठरत नाही. तरीही कार्डावर ‘नफ्यातला वाटा’ असं न छापता ‘दिवाळी फरक’ एवढंच छापा, असं मी सांगितलं.

कामगारांच्या दहाव्या भागावर वाद झाला. चार माणसांच्या दुकानाला बोनसचा कायदा लागू नाही. दिवाळीला एक पगार अण्णा आधीपासून देत होतेच. पण माल तोलणारे, यादी वाचून ‘मावशी, धणे राहिले’ म्हणणारे मामा. ते बोलले नाहीत तर कार्ड म्हणजे पुठ्ठा. रॉचडेलच्या मंडळींनीही १८५४ मध्ये कापड गिरणी काढली तेव्हा कामगारांना नफ्यात हिस्सा ठेवला होता. पुढे भांडवल घालणारे वाढले आणि १८६२ मध्ये त्यांनी तो मतदानाने काढून टाकला. आपल्याकडे मतदान नव्हतं, अण्णा होते. त्यांनी मामांकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

उधारीबद्दल नियम असा : फरक कधीही उधारीत वळता होणार नाही, कार्ड ज्याचं त्याच्याच हातात पडेल. पण उधार नेलेला माल तीस दिवसांत फेडला तरच त्याची खरेदी फरकाला धरायची. कापायचं काहीच नाही, फक्त मोजायचं नाही. हिशेबाने फार वेगळं नाही. पण वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. महिनाअखेरीला “माझं कार्डाला धरा” म्हणत लोक स्वतःहून पैसे आणू लागले.

शेवटचा मुद्दा सुटला नाही. वहिनींचं मत : नफा फळ्यावर लिहा. दूध संस्थेचा अहवाल सभेत वाचला जातो, मग आपला का नको? अण्णा म्हणाले, “घरात किती येतं ते गावाला सांगायचं? उद्या वर्गणीवाले दारात उभे राहतील.” तडजोड झाली : दर फळ्यावर, नफा घरात.

दुसऱ्या वर्षाचा निकाल

२०२४ च्या दसऱ्याला एकूण विक्री २ कोटी १७ लाख भरली. पहिल्या वर्षी ती २ कोटी २ लाख होती. वाटपाआधीचा नफा ८ लाख २० हजार. सहा लाखांच्या वरचे २ लाख २० हजार; त्यातले १ लाख १० हजार ग्राहकांचे, २२ हजार कामगारांचे.

४६८ कार्डांवर ९२ लाखांची खरेदी. त्यात साखर-तेल २४ लाख, ते चार आण्यांनी धरून ६ लाख. बाकी ६८ लाख. वजनाने ७४ लाख. दर निघाला शंभराला १ रुपया ४८ पैसे. खाली आणून १ रुपया ४५ पैसे लावला. वाटप झालं १ लाख ७ हजार ३०० रुपयांचं. ग्राहक आणि कामगारांना देऊन दुकानाकडे ६ लाख ९० हजारांच्या आसपास राहिले. बायपासच्या आधीचे साडेआठ लाख काही परत आले नाहीत.

सरासरी घराला आता २२९ रुपये मिळाले, आधीच्या ३२० च्या जागी. कुरकुर झालीच. “यंदा फरक पडला व्हय?” अगदी दूध संघाबद्दल बोलावं त्याच सुरात. तरी घरामागची खरेदी १६ हजारांवरून साडेएकोणीस हजारांच्या वर गेली होती.

हा आकडा मुलाने व्हॉट्सॲपवर मिरवला, म्हणून त्यातली हवा काढायला हवी. पहिल्या वर्षी बरीच कार्डं मधल्या महिन्यांत निघाली होती, त्यांची खरेदी अपुऱ्या वर्षाची. तूरडाळीसारख्या वस्तू या काळात महागल्या होत्या. शिवाय आधी कार्ड न दाखवता माल नेणारे आता दाखवू लागले. हे सगळं वजा केल्यावर खरी वाढ किती, ते या वह्यांवरून काढता येत नाही. मला खात्रीची वाटते ती वेगळीच गोष्ट : उधारी ५ लाख ३० हजारांवरून ३ लाख १० हजारांवर आली, आणि कॅश क्रेडिटचं व्याज त्या मानाने उतरलं. ग्राहक टिकवायला काढलेल्या योजनेने आधी वसुली सुधारली. ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वर्षी आकडा जाहीर न करता दहा-बारा महिन्यांच्या जुन्या बिलांवर हिशेब चालवून पाहायला हवा होता. बिलं संगणकात होती. एका रात्रीत वहिनींनी जे काढलं ते पाडव्याच्या आधीही निघालं असतं, आणि सहा मोठी कार्डं तिथेच दिसली असती. ही चूक माझीही; मी कायद्याच्या बाजूने पाचही पर्याय तपासले, पण साध्या गुणाकाराकडे लक्ष दिलं नाही.

पाडवा ते दसरा हा काळ मला अजून पटत नाही. दूध संघाचा हिशेब मार्चअखेरचा असतो आणि वाटप दिवाळीला. आम्हीही तसं केलं असतं तर तपासलेल्या हिशेबावर दर ठरला असता. आता दसऱ्याच्या आठवड्यात अर्धा माल अंदाजाने मोजून नफा काढावा लागतो. अण्णा मुहूर्त सोडायला तयार नाहीत.

गंगाजळी नाही, ही त्याहून मोठी उणीव. सहकारी संस्थांना महाराष्ट्राच्या कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत टाकावा लागतो. दुकानावर अशी सक्ती नाही, म्हणून सगळं वाटून मोकळे झालो. २०१९ च्या महापुरात याच दुकानात छातीएवढं पाणी होतं. तसं वर्ष पुन्हा आलं, सहा लाख भरलेच नाहीत, तर फळ्यावर शून्य लिहावं लागेल. आणि ज्यांना नफा कधी दाखवलाच नाही, ते त्या शून्यावर विश्वास का ठेवतील? वहिनींचा मुद्दा हाच होता.

पुढच्या पाडव्याला ग्राहकांच्या अर्ध्या वाट्यातून पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचं घरात ठरलं आहे. फळ्यावर नफा लिहिण्यावर अण्णा अजून नाहीच म्हणतात. मात्र दसऱ्यानंतर मामांनी चौघा कामगारांची पाकिटं उघडून रक्कम एकत्र मोजली, कागदावर तिची दहापट केली, त्यात सहा लाख मिळवले आणि तो आकडा हमालांना सांगितला. अण्णांना हे अजून माहीत नाही.